पावसाची नाली आणि ईटीपीची नाली

5 जून, म्हणजे जागतिक पर्यावरण दिन, जवळ आला की बडोद्याच्या औद्योगिक वसाहतींत, मकरपुऱ्यापासून नंदेसरीपर्यंत, कडुनिंबाच्या रोपांची मागणी एकदम वाढते. कारखान्याच्या दाराशी फलक लागतो, व्यवस्थापक आणि युनियनचे पदाधिकारी मिळून एक रोप लावतात, शपथ वाचली जाते, आणि कॅन्टीनमध्ये त्या दिवशी काहीतरी गोड असते. 1973 पासून साजऱ्या होणाऱ्या या दिवसाविषयी माझ्या मनात आदर आहे, कारण एरवी उत्पादनाच्या आकड्यांपलीकडे न पाहणारी माणसे त्या दिवशी तासभर तरी झाडांविषयी, पाण्याविषयी बोलतात. परंतु कर्मचाऱ्यांमध्ये पर्यावरणाचे भान निर्माण करण्याचे सगळे काम या एका दिवसावर सोपवले, तर काय होते ते मी अनेकदा पाहिले आहे. सकाळी शपथ घेतलेला माणूस दुसऱ्या शिफ्टला रिकामा ड्रम धुतो, ते पाणी समोरच्या नालीत सोडतो, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

रसायनशास्त्र मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले, काही वर्षे ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या, प्रयोगशाळेत नमुने तपासले, आणि आता कारखान्यांमध्ये जाऊन कर्मचाऱ्यांना पर्यावरणविषयक प्रशिक्षण देते. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतील कितीतरी मराठी घरांनी कोयलीच्या रिफायनरीत आणि बाजव्याच्या खत कारखान्यात नोकऱ्या करून मुलांची शिक्षणे केली. रसायनांचा उद्योग हा आमच्या शहराचा पोशिंदा आहे आणि त्याच्याविषयी तुटकपणे बोलणे मला जमत नाही. म्हणूनच त्या उद्योगात काम करणाऱ्या प्रत्येकाला आपल्या हातातील कामाचे परिणाम माहीत असावेत, असे मला मनापासून वाटते.

बडोद्याच्या आसपासच्या कोणत्याही रासायनिक कारखान्याच्या आवारात दोन प्रकारच्या नाल्या असतात. एक नाली प्लांटमधील सांडपाणी गोळा करून ईटीपीकडे नेते. तेथे प्रक्रिया झालेले पाणी काही ठिकाणी सामायिक शुद्धीकरण केंद्रातून आणि काही ठिकाणी थेट, उद्योगांसाठी बांधलेल्या वाहिनीत जाते. ही वाहिनी 1983 पासून चालू आहे. ती सुमारे 55 किलोमीटर वाहत जाऊन जंबुसर तालुक्यातील सारोदजवळ खंभातच्या आखाताला मिळते. दुसरी नाली पावसाच्या पाण्याची. तिला ईटीपी माहीत नाही. ती कुंपणाबाहेरच्या नाल्याला मिळते. नंदेसरीच्या बाजूचा नाला मिनी नदीत जातो आणि मिनी सिंधरोटजवळ मही नदीला मिळते. दक्षिणेकडच्या वसाहतींचे पावसाचे पाणी विश्वामित्री आणि ढाढरच्या खोऱ्यात उतरते. दोन्ही नाल्या दिसायला सारख्याच असतात, दोन्हींवर लोखंडी जाळी असते, आणि कित्येक ठिकाणी त्यांच्यात दोन हातांचेही अंतर नसते.

आता महीचा विचार करा. फाजलपूर, रायका, दोडका आणि पोईचा येथे नदीच्या पात्रात फ्रेंच विहिरी आहेत, आणि बडोद्याच्या मोठ्या भागाला पिण्याचे पाणी तेथूनच येते. पात्रातील वाळूच्या थरांतून झिरपलेले पाणी या विहिरींच्या आडव्या नळ्यांमध्ये गोळा होते. सिंधरोटजवळूनही शहराने आता पाणी उचलायला सुरुवात केली आहे. वाळू गाळ अडवते, गढूळपणा अडवते. पाण्यात विरघळलेले द्रावक किंवा क्षार ती अडवत नाही. ही गोष्ट मी प्रत्येक प्रशिक्षणात नकाशा पसरून सांगते, कारण त्या खोलीत बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरचा नळ याच नदीशी जोडलेला असतो. बर्फाळ प्रदेशातील अस्वलाचे चित्र दाखवून जे लक्ष मिळत नाही, ते फाजलपूरचे नाव घेताच मिळते. पादरा तालुक्यातील काही गावांत कूपनलिकांना रंगीत पाणी आल्याच्या बातम्या इथल्या कामगारांनी वाचलेल्या असतात, काहींचे नातेवाईक त्या गावांत राहतात, आणि त्यामुळे प्रश्न येतात ते पुस्तकी नसतात.

प्रशिक्षणाला जाताना मी माझ्याबरोबर एक लिटरचे दोन काचेचे मापी सिलिंडर नेते. ईटीपीच्या एरिएशन टाकीत, म्हणजे जिथे सांडपाण्यात सतत हवा सोडली जाते त्या टाकीत, कोट्यवधी जिवाणू असतात आणि सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ खाऊन ते पाणी स्वच्छ करतात. निरोगी टाकीतील तपकिरी पाणी सिलिंडरमध्ये भरून अर्धा तास स्थिर ठेवले, की स्लज, म्हणजे जिवाणूंचा गाळ, हळूहळू खाली बसतो आणि वर पारदर्शक पाणी उरते. दुसऱ्या सिलिंडरमध्ये मी अशा टाकीचे पाणी घेते जिच्यात काही दिवसांपूर्वी एखाद्या बॅचचे विषारी पाणी एकदम सोडले गेले होते. त्यात अर्ध्या तासानंतरही वरचे पाणी गढूळ असते, बारीक कण तरंगत राहतात आणि पृष्ठभागावर फेस धरतो. दोन्ही सिलिंडर टेबलावर शेजारी शेजारी ठेवून मी काही न बोलता अर्धा तास दुसरे विषय घेते. त्या वेळात सगळ्यांचे डोळे टेबलाकडे वळत राहतात.

त्यानंतर सूक्ष्मदर्शक. निरोगी स्लजच्या एका थेंबात देठाला चिकटून आत-बाहेर होणारे व्हॉर्टिसेला दिसतात, सावकाश सरकणारे रोटिफर दिसतात. ज्यांनी वीस वर्षे त्या टाकीच्या कडेने चालत जाऊन पंपाचे बटण दाबले, त्यांनी आत कोणी जिवंत आहे हे कधी पाहिलेले नसते. रांग लागते, प्रत्येकाला पुन्हा एकदा पाहायचे असते. दुसऱ्या टाकीच्या थेंबात हालचाल जवळपास नसते. तेव्हा मी सांगते की हे घरातल्या विरजणासारखे आहे: ते जपले तर रोज दही लागते, त्यात एकदा चुकीचे काही पडले तर सगळेच नासते, आणि टाकीचे विरजण शेजारून वाटीभर मागून आणता येत नाही, ते पुन्हा धरायला कित्येक आठवडे जातात. त्या आठवड्यांत कारखान्याचे सांडपाणी कुठे ठेवायचे, हा प्रश्न मग कोणीतरी आपणहून विचारतो. माझ्या अनुभवात प्रशिक्षणाला खरी सुरुवात या प्रश्नापासून होते.

आकडे मी क्वचितच सांगते, पण एक हिशेब फळ्यावर नेहमी मांडते. प्रक्रिया केलेले सांडपाणी नदीनाल्यांत सोडण्यासाठीच्या सर्वसाधारण मानकांनुसार एक लिटर पाण्यात सीओडी, म्हणजे त्यातील पदार्थांच्या ऑक्सिडीकरणासाठी लागणारा ऑक्सिजन, 250 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. एक किलो मिथेनॉलच्या पूर्ण ऑक्सिडीकरणाला दीड किलो ऑक्सिजन लागतो. म्हणजे एक किलो मिथेनॉल सांडले आणि ते वाहून गेले, तर 6000 लिटर शुद्ध पाण्याला या मर्यादेपर्यंत नेऊन पोहोचवण्यास ते पुरेसे आहे. दोनशे लिटरच्या ड्रमच्या तळाशी, पंपाची नळी पोहोचत नाही तिथे, एवढे मिथेनॉल सहज उरते. हा हिशेब संपल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती भीतीची नसते. आपण रोज हाताळतो त्या वस्तूचे वजन पहिल्यांदा कळल्याची ती शांतता असते, असे मला नेहमी वाटते.

भाषेचा मुद्दा यातच येतो. बडोद्याला या बाबतीत मोठा वारसा आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1890 साली येथे कलाभवन सुरू झाले. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी तेथे रंगकाम, रसायन आणि यंत्रविद्येचे शिक्षण गुजरातीतून देण्याचा आग्रह धरला. कारागिराच्या मुलाला त्याच्या भाषेत विज्ञान समजले पाहिजे, ही भूमिका घेऊन उभी राहिलेली ही संस्था देशातील अशा आरंभीच्या संस्थांपैकी होती. त्याच शहरात आज मी असे कारखाने पाहते जिथे पर्यावरण धोरण इंग्रजीत छापून चौकटीत लावलेले असते, त्याखाली संचालकांची सही असते, आणि ते वाचू शकणारा माणूस त्या भिंतीसमोरून दिवसातून एकदाही जात नाही. दाहोद, पंचमहालातून आलेले आदिवासी तरुण, बिहार-उत्तर प्रदेशातील कामगार, खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे, आणि स्थानिक गुजराती ऑपरेटर एकाच शिफ्टमध्ये असतात. एका भाषेत दिलेले प्रशिक्षण त्यांच्यातील निम्म्यांपर्यंतही पोहोचत नाही. मी गुजराती आणि हिंदीतून बोलते, मराठी माणूस दिसला की मराठीतून, आणि जिथे शब्द पुरत नाहीत तिथे सगळ्यांना उठवून प्रत्यक्ष नालीपाशी घेऊन जाते.

अशाच एका फेरीत, एका मध्यम आकाराच्या कारखान्यात, ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून काम करणारे एक वयस्क गृहस्थ भेटले. खानदेशातून बऱ्याच वर्षांपूर्वी आलेले. प्लांटच्या मागच्या बाजूला ते रिकामे ड्रम धूत होते. पाणी पावसाच्या नालीत जात होते. मी मराठीत बोलू लागल्यावर ते जरा मोकळे झाले.

“काका, हे पाणी कुठं जातं?”

“नालीत जातं, ताई.”

“आणि नाली?”

त्यांनी कुंपणाकडे हात केला. मग थोडा वेळ थांबून म्हणाले, “साहेबांनी सांगितलं, ड्रम साफ पाहिजे. कुठं धुवायचा ते कोणी नाही सांगितलं.”

ड्रम कुठे धुवायचा याची जागा कारखान्याने ठरवलेली होती. तिला कट्टा होता, उतार होता, ईटीपीकडे जाणारी नाली होती, आणि आराखड्यात तिची नोंदही होती. मी त्यांना घेऊन तिथे गेले. तिथे पाण्याचा नळ नव्हता. जवळचा नळ प्लांटच्या मागे, पावसाच्या नालीशेजारी होता. म्हणून जो कोणी ड्रम धुवायला येई तो तिथेच धुई, आणि नवा आलेला माणूस जुन्याकडे बघून तेच शिके. काकांना माझ्याकडून जितके शिकायचे होते, त्याहून जास्त त्या कारखान्याला काकांकडून शिकण्याजोगे होते. नळ आणि रबरी पाइप बसवण्याचा खर्च त्या महिन्याच्या चहाच्या खर्चाहून कमी होता. तो बसवला गेला, आणि ड्रम धुण्याचा प्रश्न तिथे सुटला. रसायनांनी माखलेले रिकामे ड्रम हा 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार स्वतःच घातक कचरा ठरतो, त्याची नोंद ठेवावी लागते, तो साठवण्यालाही 90 दिवसांची मर्यादा आहे. हे सारे त्या कारखान्याच्या कार्यालयात फाइल करून व्यवस्थित ठेवलेले होते. फाइल आणि नळ यांची गाठ पडलेली नव्हती, इतकेच.

ठेकेदाराच्या कामगारांविषयी मला फार वाटते. स्लज उपसणारे, ड्रम धुणारे, टाकी साफ करणारे, गोणी उचलणारे हात बहुतेक त्यांचेच असतात, आणि प्रशिक्षणाच्या खोलीत मात्र कायम नोकरीतील कर्मचारी बसलेले असतात. आयएसओ 14001 या पर्यावरण व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2015 च्या आवृत्तीतील कलम 7.3 असे सांगते की संस्थेच्या नियंत्रणाखाली काम करणाऱ्या व्यक्तींना पर्यावरण धोरण, त्यांच्या कामाचे पर्यावरणावरील महत्त्वाचे परिणाम, आणि नियम न पाळल्यास काय घडते, हे ज्ञात असले पाहिजे. पगार कोण देतो याला तिथे महत्त्व नाही. तरीही प्रमाणपत्र दिमाखात लावलेल्या एका ठिकाणी मी असे पाहिले आहे की लेखापरीक्षणाच्या आदल्या आठवड्यात हजेरीचा कागद शिफ्टमधून फिरवला गेला, न झालेल्या प्रशिक्षणाच्या सह्या गोळा झाल्या, आणि अंगठे उठवणाऱ्यांना कागद कशाचा हे विचारण्याचीही सोय नव्हती. याचा मला संताप येतो. भोपाळनंतर या देशाने 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा केला, 1987 मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती करून धोक्याची माहिती मिळण्याचा, प्रशिक्षणाचा आणि संभाव्य धोका निदर्शनास आणून देण्याचा हक्क कामगाराला दिला. तो हक्क कशाच्या मोबदल्यात मिळाला हे आठवले, की खोट्या सहीचा तो कागद साधा कागद वाटत नाही.

प्रशिक्षण खालच्या मजल्यावर जितके लागते तितकेच वरच्या मजल्यावर लागते, हे मात्र अजून फारसे कोणी ऐकून घेत नाही. रंगांच्या कारखान्याचे उदाहरण घ्या. फिकट छटेनंतर गडद छटा, असा बॅचचा क्रम लावला तर मधल्या धुलाईला पाणी खूप कमी लागते. उलटसुलट क्रम लावला तर प्रत्येक वेळी पात्र पूर्ण स्वच्छ करावे लागते आणि ते सगळे रंगीत पाणी ईटीपीवर येऊन आदळते. हा क्रम ऑपरेटर ठरवत नाही. तो नियोजन विभागात ठरतो, आणि नियोजनवाल्याच्या मागे विक्री विभागाने ग्राहकाला दिलेली तारीख असते. कच्चा माल ड्रममधून घ्यायचा की टँकरमधून, रिकामे डबे परत घेणारा पुरवठादार निवडायचा की दोन पैसे स्वस्त देणारा, हे खरेदी विभागात ठरते. दाबाखालच्या हवेच्या पाइपला तीन मिलिमीटरचे छिद्र पडले, तर सात बार दाबाला त्यातून तीन-चार किलोवॉट वीज रात्रंदिवस वाया जाते, हे फिटरला ऐकू येते. पण दुरुस्तीसाठी कॉम्प्रेसर दोन तास बंद ठेवण्याची परवानगी त्याच्या हातात नसते. अशा वेळी फिटरला ऊर्जाबचतीवर व्याख्यान देणे हा त्याच्यावर अन्याय आहे. म्हणून आता मी काम स्वीकारताना आग्रह धरते की खरेदी, नियोजन आणि विक्रीतील अधिकाऱ्यांनी एक पूर्ण सत्र ईटीपीवर उभे राहून घालवावे, तेही दुपारी, वास सुटलेला असताना. काही कंपन्या मान्य करतात. ज्या करतात तिथे पुढच्या वर्षी बोलण्याचा सूर बदललेला असतो. नियोजनाच्या बैठकीत ईटीपीच्या ऑपरेटरला बोलावणे सुरू झाले, असेही मी दोन-तीन ठिकाणी पाहिले.

भीतीचा विषय सगळ्यात अवघड आहे. पावसाळ्यापूर्वीचे सत्र मी मुख्यतः त्यावरच घेते. पहिला मोठा पाऊस आवारात वर्षभर सांडलेले सगळे काही धुऊन नालीत नेतो, आणि 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा पाणी ओळखीच्या वाटेने जात नाही हेही सगळ्यांनी पाहिले. अशा दिवसांत काही सांडले तर पहिल्या पाच मिनिटांत पावसाच्या नालीचे झडप बंद करणे आणि वाळूच्या पिशव्या लावणे यावर सारे अवलंबून असते. ज्याच्या हातून सांडले तोच सर्वात जवळ असतो. सांगितल्याबद्दल मेमो मिळेल अशी त्याला खात्री असेल, तर तो आधी पाण्याचा पाइप घेऊन ती जागा धुऊन टाकतो, म्हणजेच सांडलेले सगळे स्वतःच्या हाताने नालीत ढकलतो. मी हे सत्र कारखाना प्रमुखाच्या उपस्थितीशिवाय घेत नाही. त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते की लगेच कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही. माझ्या सांगण्याला त्या बाबतीत काही किंमत नाही.

अलीकडे एका कारखान्याच्या व्यवस्थापकांनी मला काळजीने बोलावून घेतले. प्रशिक्षणानंतर गळती आणि सांडण्याच्या नोंदी पूर्वीच्या कितीतरी पट झाल्या होत्या, आणि मुख्य कार्यालयाने त्याचे कारण मागितले होते. आम्ही नोंदवही उघडून बसलो. जुन्या पानांवर महिनोन्‌महिने “काही नाही” असे एकाच हस्ताक्षरात लिहिलेले होते. नव्या पानांवर वेगवेगळी हस्ताक्षरे होती, काही गुजराती, काही हिंदी, दोन ठिकाणी मराठी. पंपाच्या सीलमधून ठिबक, ड्रमचे झाकण सैल, नालीच्या झडपेला गंज, कट्ट्याला चीर. एका नोंदीपुढे ठेकेदाराच्या माणसाचे नाव होते. ईटीपीच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर येणाऱ्या सांडपाण्याचा सीओडी त्याच काळात उतरलेला दिसत होता. व्यवस्थापकांनी ते दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवून मुख्य कार्यालयाला उत्तर लिहायला घेतले, आणि त्यात एक मागणीही घातली: ठेकेदाराच्या प्रत्येक नव्या कामगाराला गेटपास देण्यापूर्वी त्याच्या भाषेत एक तासाचे प्रशिक्षण द्यावे, त्यात दोन्ही नाल्या पायी फिरून दाखवाव्यात, आणि त्या तासाची मजुरी कंपनीने भरावी.